मोबाईल पाण्यात पडला, मग पासवर्ड कुठं? – पासवर्ड मॅनेजर घेताना काय बघायचं



एका होडीवाल्याच्या घरात आज किती पासवर्ड असतात, ते जरा बोटावर मोजून बघा. बँकेचं नेटबँकिंग. ई-मेल. डिजिलॉकर. कर्नाटक सरकारचं सेवा सिंधू. केंद्र सरकारनं ११ सप्टेंबर २०२४ ला सुरू केलेलं मत्स्यव्यवसायाचं राष्ट्रीय डिजिटल पोर्टल. विमा कंपनीचं खातं. मुलांच्या कॉलेजचं, शिष्यवृत्तीचं खातं. गॅस, वीज, रेल्वे तिकीट. जाळी, मत्स्यबीज, इंजिनचे पार्ट ऑनलाईन मागवणारे असतील तर ती खाती वेगळी. दोन्ही हातांची बोटं संपतात आणि यादी उरते.

आता हे पासवर्ड ठेवलेले कुठं असतात? कुणाच्या डायरीत, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये, कुणाच्या गॅलरीत फोटो काढून. आणि बहुतेकांचा पासवर्ड सगळीकडं एकच. होडीचं नाव आणि पुढं १२३. होडीचं नाव तर होडीच्या अंगावर हातभर अक्षरात रंगवलेलं असतं, म्हणजे अर्धा पासवर्ड आपणच काठावर लावून ठेवला की!

हिडकलच्या पाण्यात असो, राकसकोपला असो की निपाणीकडं वेदगंगेच्या डोहात, मोबाईल एकदा बुडाला की तो मोबाईल परत येत नाही. नवा घेता येतो. पण आतली डायरी, फोटो, मेसेज? सगळे पासवर्ड नव्यानं काढत बसायचं, एकेका खात्यासाठी ओटीपीची वाट बघायची, अनुदानाच्या अर्जाची तारीख डोक्यावर असायची. म्हणून आज 'पासवर्ड मॅनेजर' या विषयावर सविस्तर लिहितोय. लेख लांब आहे. निवांत वाचा आणि घरातल्या शिकलेल्या पोरापोरींनाही वाचायला लावा.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे काय?

सोप्या भाषेत, पासवर्डची कुलूपबंद पेटी. प्रत्येक खात्याला वेगळा, लांबलचक, डोक्यात न राहणारा पासवर्ड ती पेटीच तयार करते आणि जपून ठेवते. आपण फक्त पेटीची एक किल्ली लक्षात ठेवायची. तिला 'मास्टर पासवर्ड' म्हणतात. मोबाईल बदलला, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसलो, तरी तीच पेटी तिथं उघडते.

"सगळी अंडी एकाच टोपलीत कशाला?" असं काही सभासद विचारतात. शंका रास्त आहे. पण आजची आपली स्थिती काय आहे बघा. एकच पासवर्ड दहा ठिकाणी म्हणजे एकच किल्ली दहा दारांना. त्यातलं एक दार फुटलं की दहाही फुटली. नोव्हेंबर २०२० मध्ये बिगबास्केट या किराणा कंपनीच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. अशी चोरीची यादी हातात आली की चोर तेच ई-मेल आणि तोच पासवर्ड बँकेला, ई-मेलला, सगळीकडं लावून बघतात. हे काम माणूस करत नाही, मशीन करतं, एका रात्रीत लाखो वेळा. किराणा दुकानाचा पासवर्ड वेगळा असेल तर नुकसान तिथंच थांबतं.

आणि "आपण लहान माणसं, आपल्याकडं कोण येतंय?" हे मनातून काढा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी रुपयांवर रक्कम गेली. परदेशातल्या एटीएममधून पैसे निघाले, तसे आपल्या शेजारच्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही निघाले. तो हल्ला बँकेच्या यंत्रणेवर होता, तिथं ग्राहकांच्या पासवर्डचा संबंध नव्हता. पण सहकारी आहे, गावाकडची आहे म्हणून चोर सोडत नाहीत, एवढं त्यातून घ्यायचं.

पासवर्ड मॅनेजरचा आणखी एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. तो वेबसाईटचा पत्ता अक्षरन् अक्षर तपासतो. अनुदानाची, किसान क्रेडिट कार्डाची खोटी लिंक आली, दिसायला हुबेहूब बँकेसारखी, तर आपला डोळा फसतो. पेटी फसत नाही, ती पासवर्ड भरतच नाही. नेहमी आपोआप भरणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर हातानं टाकायची घाई करू नका. आधी पत्ता बघा.

निवड कशी करायची? कल्ले उघडून बघा

बाजारात मासळी घेताना आपल्या बायका काय करतात? वरची चकाकी बघत नाहीत. कल्ला उघडून लाल आहे का बघतात, डोळा बघतात, बोटानं दाबून बघतात. पासवर्ड मॅनेजरचंही तसंच आहे. जाहिरात सगळ्यांचीच चकचकीत असते. खालच्या सहा गोष्टी तपासा.

१. किल्ली कुणाच्या हातात? चांगल्या मॅनेजरमध्ये आपल्या पेटीला आपल्याच मोबाईलवर कुलूप लागतं आणि मग ती बंद पेटी कंपनीकडं जाते. मास्टर पासवर्ड कंपनीला माहीत नसतो. याची खूण सोपी आहे: "मास्टर पासवर्ड विसरलात तर आम्हीही उघडून देऊ शकत नाही" असं कंपनी स्पष्ट सांगते. ऐकायला वाईट वाटतं, पण खरा भरवसा तोच. जो तुम्हाला दुसरी किल्ली देऊ शकतो, त्याच्याकडं दुसरी किल्ली असते!

२. आपल्या घरातल्या सगळ्या उपकरणांवर चालतो का? आपल्या घरात बापाकडं साधा अँड्रॉइड, पोराकडं कुठूनतरी घेतलेला आयफोन, ऑफिसात विंडोजचा कॉम्प्युटर. अ‍ॅपलनं सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतःचं 'पासवर्ड्स' अ‍ॅप आणलं. ते चांगलं आहे, विंडोजवरही आयक्लाऊडमार्फत चालतं, पण अँड्रॉइडवर त्याचं अ‍ॅप नाही. सॅमसंग पास सॅमसंगपुरताच. लास्टपासनं मार्च २०२१ पासून फुकट वापरणाऱ्यांना एकाच प्रकारचं उपकरण ठेवलं: मोबाईल घ्या नाहीतर कॉम्प्युटर, दोन्ही हवं असेल तर पैसे. म्हणून आधी घरातली उपकरणं मोजा, मग अ‍ॅप बघा.

३. बाहेरच्या माणसानं तपासलंय का? सोसायटीचं ऑडिट आपण स्वतः करत नाही, बाहेरचा ऑडिटर येतो. तसंच इथं. बिटवॉर्डन आणि कीपास यांचा प्रोग्रॅम कुणालाही वाचता येईल असा उघडा ठेवलेला आहे. बिटवॉर्डननं २०१८ पासून बाहेरच्या संस्थेकडून तपासणी करून तिचे अहवाल जाहीर केले आहेत. 'आम्ही सुरक्षित आहोत' असं स्वतःच म्हणणाऱ्या आणि तपासणीचा कागद न दाखवणाऱ्या अ‍ॅपपासून लांब राहा.

४. संकटात कंपनी कशी वागली? लास्टपासचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या यंत्रणेत चोर शिरल्याचं कंपनीनं सांगितलं. पुढं २२ डिसेंबर २०२२ ला सांगितलं की ग्राहकांच्या पेट्यांच्या प्रतीही चोरांनी नेल्या. पेटीतले पासवर्ड कुलपात होते, पण कोणत्या वेबसाईटवर खाती आहेत ते पत्ते उघडेच होते. चोर शिरला तो कंपनीच्या एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवरून, जुन्या, अपडेट न केलेल्या प्रोग्रॅममधल्या फटीतून. ज्यांचा मास्टर पासवर्ड लांब आणि वेगळा होता, त्यांची पेटी फोडणं जवळजवळ अशक्य. ज्यांचा छोटा होता, त्यांच्या पेटीवर चोर निवांत बसून कितीही वेळा प्रयत्न करू शकतो, कारण प्रत त्याच्याच घरात आहे. म्हणजे कंपनी चुकली तरी आपला मास्टर पासवर्ड आपल्याला वाचवतो. तो कसा करायचा ते पुढं सांगतोय.

५. बाहेर पडायची वाट आहे का? आत जायला दार मोठं, बाहेर यायला फटही नाही, असं अ‍ॅप नको. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर या अ‍ॅपमध्ये अनेकजण पासवर्ड ठेवायचे. २०२५ मध्ये कंपनीनं ती सोयच बंद केली: जूनपासून नवे पासवर्ड घेईना, जुलैत आपोआप भरणं थांबलं, ऑगस्टपासून त्या अ‍ॅपमध्ये पासवर्ड दिसायचे बंद. मोठी कंपनी असली तरी असं होऊ शकतं. म्हणून सेटिंगमध्ये 'एक्स्पोर्ट' म्हणजे सगळे पासवर्ड बाहेर काढायची सोय आहे का, ते पहिल्याच दिवशी बघा. मात्र ती बाहेर काढलेली फाईल उघडी असते, कुलूप नसतं. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये घातल्याबरोबर ती पुसून टाका.

६. अ‍ॅप खरं आहे का? फेब्रुवारी २०२४ मध्ये अ‍ॅपलच्या दुकानात लास्टपासच्या नावाशी मिळतंजुळतं, मधलं एक अक्षर बदललेलं खोटं अ‍ॅप सापडलं होतं. कुणी पाठवलेल्या लिंकवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाईलवरून असं अ‍ॅप कधीही घालू नका. प्ले स्टोअरमध्ये जा, नाव नीट वाचा, बनवणाऱ्या कंपनीचं नाव बघा.

मग घ्यायचं कोणतं?

आम्ही कुणाचे एजंट नाही आणि सोसायटीला यातून एक पैसा मिळत नाही. वरची कसोटी लावून जे दिसतं ते सांगतो.

*घरात सगळे अँड्रॉइड असतील तर:* गुगलचा पासवर्ड मॅनेजर फोनमध्ये आधीच आहे. क्रोमवर कॉम्प्युटरलाही चालतो, आयफोनवर क्रोम घालून चालतो. फुकट आहे. पण त्याच्या सेटिंगमध्ये उपकरणावरच कुलूप लावायची सोय आहे, ती बघून घ्या. आणि गुगल खातं हीच इथं मुख्य किल्ली आहे, म्हणून त्या खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा हवीच.

*उपकरणं मिश्र असतील तर:* बिटवॉर्डन. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज सगळीकडं चालतो, फुकटात कितीही उपकरणांवर आणि कितीही पासवर्ड. रेंज नसली तरी आधी उघडलेल्या फोनवर पासवर्ड बघता येतात. नवे घालायला इंटरनेट लागतं. धरणाच्या मागच्या बाजूला जिथं रेंज येत नाही, तिथं हे कामाला येतं. स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन कंपनीचा प्रोटॉन पासही फुकटात सगळ्या उपकरणांवर चालतो.

*आपल्या देशातली कंपनी हवी असेल तर:* चेन्नईच्या झोहोचं झोहो व्हॉल्ट आहे. मुळात ते ऑफिसांसाठी बनवलेलं आहे, त्यामुळं मांडणी जरा ऑफिसछाप वाटेल.

*कुठल्याच कंपनीकडं पासवर्ड नको असतील तर:* कीपास. २००३ पासून आहे, पूर्ण फुकट. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाईलमध्ये, ती फाईल आपल्याकडं. पण दोन उपकरणांवर ती फाईल सारखी ठेवायची जबाबदारीही आपलीच. फोनवर एक बदल केला, कॉम्प्युटरवर दुसरा, की कोणती फाईल खरी हा घोळ होतो. ज्याला हे सांभाळायला जमतंय त्यानंच त्या वाटेला जावं.

कुठलाच जमत नसेल, वय झालंय, मोबाईल फक्त फोनपुरता आहे? तर जाड पुठ्ठ्याची वही घ्या, प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड लिहा आणि वही घरच्या कपाटात ठेवा. होडीत नाही, दुकानात नाही. परदेशातला चोर तुमच्या कपाटात हात घालू शकत नाही. सगळीकडं एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा ही वही कितीतरी बरी.

मास्टर पासवर्ड कसा करायचा

छोटा आणि किचकट नको, लांब आणि सोपा हवा. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द घ्या. शब्द मनानं निवडू नका, मन नेहमी देवाचं, गावाचं, नातवाचं नाव सुचवतं. जाड पुस्तक डोळे मिटून पाच वेळा उघडा आणि बोट ठेवा. समजा आलं 'घागर चिंच पावती उंबरा सुतळी'. डोळ्यासमोर चित्र येतं, विसरत नाही. (हाच ठेवू नका, हा आता सगळ्यांनी वाचला.)

एक अडचण मात्र मराठी माणसालाच येते. पासवर्ड इंग्रजी अक्षरात टाकावा लागतो आणि 'चिंच' कुणी शेवटी ए लावून लिहितं, कुणी न लावता. 'उंबरा' कुणी यू एम, कुणी यू एन. महिन्यानं आपल्यालाच आठवत नाही. म्हणून स्पेलिंगसकट कागदावर लिहून ठेवा.

दुसरी अडचण आपल्या धंद्याची. पाण्यात राबणाऱ्या, जाळं ओढणाऱ्या हाताचे ठसे झिजतात, ओल्या बोटाला फोन ओळखत नाही. म्हणून फक्त बोटाच्या ठशावर राहू नका. ठसा चालत असेल तरी आठवड्यातून एकदा मास्टर पासवर्ड हातानं टाका, म्हणजे तो विसरणार नाही. आणि फोनच्या स्क्रीनला किमान सहा आकडी पिन हवाच.

दर महिन्याला पासवर्ड बदलायची गरज नाही. अमेरिकेची प्रमाणं ठरवणारी संस्था निस्टनं २०१७ मध्येच सांगितलंय की कारण नसताना बदलायला लावू नका, लोक मग सोपे पासवर्ड ठेवतात. फुटल्याचा संशय आला की मात्र त्याच दिवशी बदला.

पेटीत काय ठेवायचं नाही

यूपीआय पिन आणि एटीएम पिन डोक्यातच ठेवा. ओटीपी कुणालाही सांगू नका, सोसायटीच्या माणसालाही नाही.

आपल्या सीमाभागाची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. निपाणी, कागल, चंदगड भागात पाहुणेरावळे दोन्हीकडं, त्यामुळं अनेकांकडं दोन सिम. बँकेला दिलेला नंबर जुन्या सिमचा, आणि त्याला रिचार्ज करायचं राहतं. बरेच दिवस वापर नसला की नंबर बंद होतो आणि पुढं दुसऱ्याच माणसाला दिला जातो. मग तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच्या फोनवर! पासवर्ड कितीही चांगला असला तरी इथं उपयोग नाही. कोणत्या खात्याला कोणता नंबर आहे ते एकदा तपासा आणि बंद पडणारा नंबर आधी बदलून घ्या.

आपल्या मागं घरच्यांचं काय?

या विषयावर घरात कुणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतोय. पाण्यावरचा धंदा आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख रुपये मिळतात. पण घरातल्या बाईला नवऱ्याचा विमा कुठं आहे, पासबुक कोणत्या बँकेचं, होडीचे कागद कोणत्या ई-मेलवर, हेच माहीत नसलं तर ती कुठून सुरुवात करणार? सगळं त्या बुडालेल्या मोबाईलमध्ये.

म्हणून एक पाकीट करा. आत एका कागदावर मास्टर पासवर्ड, पेटीचा ई-मेल आयडी आणि दोन टप्प्यांच्या सुरक्षेचे बॅकअप कोड लिहा. हे कोड फार महत्त्वाचे आहेत. दुसऱ्या टप्प्याचा आकडा पाण्यात गेलेल्या फोनवरच येणार असेल, तर आपली पेटी आपल्यालाच उघडणार नाही. पाकीट बंद करून त्यावर सही करा, होडीच्या कागदांबरोबर कपाटात ठेवा आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला जागा सांगा. गुगलमध्ये, खातं बरेच दिवस वापरलं नाही तर ठरवलेल्या माणसाला कळवण्याची सोय आहे, तीही लावून ठेवा.

मात्र एक लक्षात घ्या. पासवर्ड म्हणजे वारस नव्हे. माणूस गेल्यावर त्याच्या नावानं नेटबँकिंग उघडून पैसे काढणं बरोबर नाही, पुढं त्याचा त्रास घरच्यांनाच होतो. बँकेला कळवून नॉमिनीनं रीतसर अर्ज करायचा. पाकीट हे काय कुठं आहे ते कळण्यासाठी. पैशासाठी नॉमिनीचं नाव, आणि तेही आजच तपासा.

सुरुवात कुठून?

एका दिवसात सगळं करायला जाऊ नका, कंटाळून सोडाल. पहिल्या दिवशी पेटी बसवा आणि फक्त ई-मेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ई-मेलवरूनच बदलता येतात. दुसऱ्या दिवशी बँक. मग सरकारी पोर्टल. बाकीची खाती जशी उघडाल तशी. शेवटी गॅलरीतले फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुसा, ते विसरू नका.

आणि तरीही पैसे गेलेच, तर लाज धरू नका, वेळ घालवू नका. लगेच १९३० या नंबरला फोन करा, सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा, बँकेला कळवा. जितकं लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

ज्यांना अ‍ॅप बसवायला जमत नाही त्यांनी मोबाईल घेऊन सोसायटीच्या ऑफिसात यावं. बसवून द्यायला आम्ही आहोत. फक्त मास्टर पासवर्ड टाकायची वेळ आली की फोन तुमच्या हातात घ्या आणि आमच्याकडं पाठ करून बसा. आम्हाला अजिबात राग येणार नाही.

आपले,
सेक्रेटरी आणि संचालक मंडळ
टिळकवाडी, बेळगाव